वजन उतरलं, पण हाडांकडे कोण बघतंय? बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतरच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं की पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळं घर वजनकाट्याकडे डोळे लावून बसलेलं असतं, आणि ते साहजिकच आहे, कारण शंभराच्या पुढचा आकडा महिन्यागणिक खाली येणं, शुगरच्या गोळ्या सुटणं, दोन जिने चढून धाप न लागणं हे त्या माणसासाठी खरंच खूप मोठं असतं. तेव्हा फॉलोअपलाही सगळे वेळच्या वेळी जातात. मग वजन स्थिरावतं, डॉक्टर म्हणतात आता सहा महिन्यांनी या, मग म्हणतात वर्षाने या, आणि तिथून पुढे बरेच जण जातच नाहीत, कारण काही दुखतखुपत नसतं. मला नेमकं त्या काळाबद्दल बोलायचंय. हाडांची झीज वजनाबरोबर थांबत नाही, गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचा नाही, जठर-आतड्याचा) तर पाच वर्षं होऊन गेली तरी ती चालू असलेली दिसलीय, आणि हाड मोडेपर्यंत त्यातलं काहीही जाणवत नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेला एक मोठा अभ्यास आहे, स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स नावाचा, त्यात ऑपरेशन केलेली माणसं न केलेल्यांपेक्षा सरासरी साधारण ३ वर्षं जास्त जगली असं निघालं. डायबेटिस, हार्ट, काही कॅन्सर, सगळ्यातच फायदा दिसला. म्हणजे ज्याला या ऑपरेशनची गरज आहे त्याने हाडांच्या भीतीने ते टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच अभ्यासात लोकांना १५-२० वर्षं फॉलो केल्यावर गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांमध्ये फ्रॅक्चर कितीतरी जास्त दिसले, दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण २३ जणांना, आणि ऑपरेशन न केलेल्यांमध्ये हाच आकडा ९ च्या आसपास. जठराभोवती नुसता आवळणारा पट्टा, म्हणजे बँड, लावलेल्यांमध्ये मात्र फार फरक नव्हता. म्हणजे नुसतं वजन कमी झालं म्हणून हाडं गेली असं नाही, कुठलं ऑपरेशन झालं यावर खूप काही ठरतं.

आपल्याकडे सध्या जास्त करून होतात ती स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात, आतडं आहे तसंच राहतं. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो पण तिथेही सुरुवातीचं आतडं वगळलं जातं, कधी कधी बरंच लांब. आणि गंमत अशी की शरीर जिथून कॅल्शियम सगळ्यात जोमाने ओढून घेतं तो भाग म्हणजे हाच, आतड्याची सुरुवात. तिथे व्हिटॅमिन डीच्या मदतीने कॅल्शियम आत घेतलं जातं. पुढच्या आतड्यातही थोडंफार शोषलं जातं, पण त्या जोमाने नाही.

हे किती घटतं याचा एक आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत वर जाऊन वाचला. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात बायपासच्या आधी माणसं खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३३ टक्के शोषून घेत होती, आणि ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी फक्त ७ टक्के. आणि हे त्यांचं व्हिटॅमिन डी व्यवस्थित ठेवून! म्हणजे "डी घेतोय ना, मग झालं" हे पुरत नाही. तोच ग्लास दूध, तीच नाचणीची भाकरी, पण शरीरात पोचणारं कॅल्शियम पाचव्या हिश्शाच्या आसपास.

मग रक्तात कॅल्शियम कमी दिसायला हवं ना? इथेच सगळ्यांची फसगत होते. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून ठरलेल्या पातळीत ठेवतं, कारण हृदयाचे ठोके, स्नायू, नसा सगळं त्यावर चालतं, तिथे तडजोड नाही. कमी पडायला लागलं की गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड, त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि ते हाडांमधून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. पगार पुरत नाही म्हणून घरखर्चासाठी दर महिन्याला एफडी मोडत राहावी तसं, बाहेरून बघणाऱ्याला घर अगदी नीट चाललेलं दिसतं.

माझ्या आत्याचं हेच झालं. बायपास होऊन बरीच वर्षं झालेली, वजन छान आटोक्यात, आणि दरवर्षी बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये कॅल्शियम असायचंच. मी विचारलं की म्हणायची, "अगं, ९.२ आलंय, नॉर्मल आहे, तू कशाला काळजी करतेस." मी म्हटलं, "आत्या, पीटीएच केलंस का कधी?" तर ते नावच तिने ऐकलं नव्हतं, कुठल्या पॅकेजमध्ये नव्हतं ते. केलं तर शंभरच्या वर निघालं, साधारण ६५ पर्यंत असायला हवं. त्याच रक्तात कॅल्शियम परत नॉर्मलच होतं! दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की कॅल्शियम नॉर्मल आहे कारण हाडं ते पुरवतायत. तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत असते की ऑपरेशन झालेल्या माणसाचा नुसता कॅल्शियमचा रिपोर्ट हाडांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. सोबत पीटीएच, व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची उलथापालथ वाढली की वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीसाठी) हे सगळं एकत्र बघायला लागतं. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल आणि डी कमी असेल तर हाड नुसतं विरळ नाही तर मऊ होत असू शकतं, आणि तो वेगळा आजार आहे, त्याचा उपचारही वेगळा. काही डॉक्टर २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही करायला सांगतात, ते खूप कमी आलं तर पोटातून पुरेसं आत जात नाहीये हे कळतं. पाच लिटरचा कॅन घेऊन दिवसभर लघवी साठवायची म्हणून लोक टाळतात, पण एकदा करून घ्यावी, माहिती चांगली मिळते.

कॅल्शियम हे एकच कारण मात्र नाहीये. हाड हे जिवंत असतं, रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं, आणि किती बांधायचं हे त्याच्यावर किती भार पडतो त्यावरून ठरतं. एकशे दहा किलोचं शरीर वाहणाऱ्या मांडीच्या हाडावर एका वर्षात सत्तर किलोच यायला लागले की हाडातल्या पेशींना कळतं की आता एवढ्या मजबुतीची गरज नाही, त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन जास्त सोडतात आणि नवीन हाड बांधायचं काम मंदावतं. थोडी घट त्यामुळे अपेक्षितच आहे, जाड माणसाचं हाड मुळात जास्त घन असतं आणि ते नव्या वजनाला जुळवून घेतं. पण घट तिथे थांबत नाही हा प्रश्न आहे. चरबी कमी झाली की चरबीतून तयार होणारं इस्ट्रोजेनही कमी होतं, आतड्यातून आणि जठरातून येणारी हार्मोन्स बदलतात, जसं की भूक लावणारं घ्रेलिन घटतं, पोट भरल्याचं सांगणारं पीवायवाय वाढतं, आणि वजनाबरोबर स्नायूही जातात. बायपासनंतर खुब्याच्या हाडाची घनता पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण ८ ते १० टक्क्यांनी कमी होते असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. स्लीव्हमध्येही घट होते पण सहसा कमी, आणि फ्रॅक्चरचा धोकाही बायपासएवढा वाढलेला दिसत नाही. स्लीव्हचे वीस-वीस वर्षांचे अभ्यास मात्र बायपासइतके नाहीत कारण ते ऑपरेशन जोरात सुरू झालं तेच अलीकडे, त्यामुळे "माझं तर स्लीव्ह आहे, मला काही नाही" असं कुणी म्हणू नये.

फ्रॅक्चर कुठे होतात हे पण बदलतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ऑपरेशन झालेल्या १२,६७६ लोकांची नोंद तपासली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या आधी त्यांचे फ्रॅक्चर जास्त करून घोटा, पाय अशा खालच्या भागात होते, जे जाड माणसांमध्ये दिसतात. ऑपरेशननंतर ते दंड, मनगट, मणका, कंबर, खुबा इकडे सरकले, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ, ठिसूळ होणं) झालेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये दिसतात तसे. अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरूनही बायपास झालेल्यांना बँडवाल्यांपेक्षा मणका सोडून बाकीचे फ्रॅक्चर ७३ टक्के जास्त झाल्याचं २०१९ मध्ये आलं. हे सगळं साधारण दोन-तीन वर्षांनंतर दिसायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच फॉलोअप सुटलेला असतो, मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आता बायकांचं बघा. आपल्याकडे पाळी जाण्याचं वय साधारण ४६-४७, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर, आणि पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं तशीही भराभर झिजतात. चाळिशीत बायपास केला असेल तर ही दोन्ही कारणं पाच-सात वर्षांत एकावर एक येतात. त्यात आपल्या देशात व्हिटॅमिन डीची कमतरता घराघरात आहे, जाड माणसांमध्ये तर जास्तच, कारण हे व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं आणि तिथेच अडकून बसणारं. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच डी तपासून भरून काढणं फार महत्त्वाचं आहे, नंतर खड्ड्यातून वर यायला जास्त त्रास होतो. आणि "सकाळचं कोवळं ऊन घे" हा सल्ला घरोघरी चालतो ना, तर त्या कोवळ्या उन्हात त्वचेला डी बनवायला लागणारे किरण फार कमी असतात, ते दुपारच्या आसपास मिळतात, अकरा ते दोनमध्ये हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ. ऑफिसला जाणाऱ्याला ते रोज कुठून जमणार, म्हणून गोळी लागतेच.

गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. अमेरिकेतल्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनच्या संघटनेच्या गाइडलाइननुसार स्लीव्ह आणि बायपासनंतर दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, खाण्यातलं आणि गोळीतलं मिळून. ज्यात आतडं खूप जास्त वगळतात त्या ड्युओडिनल स्विचसारख्या ऑपरेशननंतर १८०० ते २४००. आणि व्हिटॅमिन डी३ रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत. आपल्याकडे डॉक्टर ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा देतात, तेही चालतं, फक्त ते आठवड्याचं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. चुकून ते रोज घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ लोकांवर आलेली आहे. आणि घ्यायचं ते जेवणासोबत, त्यात थोडं तूप-तेल असलं की चांगलं शोषलं जातं.

कॅल्शियमच्या गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या, कार्बोनेट आणि सायट्रेट. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ऑपरेशननंतर तेच कमी झालेलं असतं, वर स्लीव्हवाले बरेच जण अ‍ॅसिडिटीसाठी सकाळी उठल्या उठल्या पॅन्टोप्राझोल घेतात म्हणजे उरलंसुरलं आम्लही गेलं. म्हणून सायट्रेट बरं, ते आम्लाशिवाय विरघळतं, उपाशीपोटी किंवा जेवणानंतर कधीही चालतं, आणि स्टोनच्या बाबतीतही सोयीचं. आत्यालाही कार्बोनेटवरून सायट्रेटवर नेलं, आणि तिथे एक चूक होता होता राहिली. जुन्या पाकिटावर लिहिलेलं होतं कॅल्शियम ५०० मिग्रॅ, नव्यावर कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ. मेडिकलवाला म्हणाला, "काकू, हे दुप्पट पॉवरचं आहे, एकच घ्या." मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. सायट्रेट १००० मिग्रॅ म्हणजे ते अख्ख्या संयुगाचं वजन झालं, त्यात खरं कॅल्शियम २१ टक्केच, म्हणजे गोळीमागे दोनशे-सव्वादोनशे मिग्रॅ. कार्बोनेटमध्ये ४० टक्के असतं, म्हणून १२५० मिग्रॅच्या गोळीत ५०० मिळतात. म्हणजे दुप्पट वाटणारी गोळी प्रत्यक्षात निम्म्याहून कमी होती, आणि एकच घेतली असती तर बाई रोज कमीच घेत राहिली असती, तेही "मी नियमित घेते" या समाधानात. पाकिटावर एलिमेंटल कॅल्शियम असं कुठेतरी लिहिलेलं असतं, हिशोब त्या आकड्याचा करायचा.

एका वेळी ५००-६०० मिग्रॅपेक्षा जास्त शरीर नीट घेत नाही, म्हणून दिवसभरात दोन-तीनदा वाटून घ्यायचं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकमेकांना आडवे येतात, मध्ये किमान दोन तास हवेत. थायरॉइडची गोळी असेल तर चार तास. हे ऐकायला सोपं वाटतं पण ज्या बाईला थायरॉइड आहे, हिमोग्लोबिन कमी आहे आणि बायपास झालाय तिचा दिवस यातच जातो, म्हणून आत्याचं वेळापत्रक सांगते: उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता, अकराच्या सुमाराला पहिलं कॅल्शियम, दुपारी जेवताना मल्टिव्हिटॅमिन, चारच्या दरम्यान लोह लिंबूपाण्यासोबत आणि त्या वेळी चहा नाही, मग रात्री जेवताना कॅल्शियम आणि झोपताना परत एक. चहा लोहापासून लांब ठेवणं हे तिला सगळ्यात जड गेलं! फोनवर अलार्म लावलेत, आणि औषधाचा डबा फ्रीजवर न ठेवता डायनिंग टेबलवर ठेवलाय, समोर दिसला की घेतलं जातं.

"एवढं कॅल्शियम घेतलं तर स्टोन होईल" ही भीती खूप जणांना असते आणि त्या भीतीने लोक गोळ्या बंद करतात. बायपासनंतर स्टोनचा धोका वाढतो हे खरं आहे, पण त्याचं कारण बहुतेक वेळा पालक, चहा अशा पदार्थांतून येणारं ऑक्झलेट असतं. न शोषलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि तिथून किडनीत जातं. जेवणासोबत कॅल्शियम असलं तर ते ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं. म्हणजे कॅल्शियम बंद करून उलटच होतं. पाणी भरपूर, पालक आणि चहा बेताने, आणि आधी स्टोन झालेला असेल तर डॉक्टरांना विचारून डोस ठरवायचा.

खाण्यातून मिळेल तेवढं मिळवावंच, फक्त छोट्या पोटात किती मावतं याचा हिशोब खरा ठेवावा. १०० मिली दुधात साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर, तिळात तर हजाराच्या वर. पण एका भाकरीत नाचणी ३०-४० ग्रॅमच येते, आणि तीळ आपण चमचाभर खातो, वाटीभर नाही. कोकणातल्या घरात मांदेली, बोंबील, सुकट हे बारीक मासे काट्यासकट चावून खाल्ले जातात, त्यातून चांगलं मिळतं. ताक, दही, पनीर हे पचतंय तोवर रोज. पालकात कॅल्शियम दिसतं पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते फारसं अंगी लागत नाही, त्यापेक्षा शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी हे आलटून पालटून बरं.

आणि प्रोटीन! हाड म्हणजे नुसता चुना नाही, त्याचा सांगाडा प्रोटीनचा असतो, आणि स्नायू टिकले तरच हाडावर ओढ राहते. ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन सांगतात, बऱ्याच जणांना ८० पर्यंत. शाकाहारी घरात, छोट्या पोटात, हे मुद्दाम ठरवल्याशिवाय होत नाही, आधी पनीर-डाळ-अंडं-दही जे असेल ते खायचं आणि मग जागा उरली तर भाकरी-भात. माझा खरा आक्षेप आपल्या उपवासांच्या ताटावर आहे. श्रावण, नवरात्र, चतुर्थी, एकादशी, सगळे उपवास धरायचे आणि प्रत्येक वेळी साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळजवळ नाही आणि कॅल्शियमही नावाला. श्रद्धेने उपवास करणाऱ्या बाईला तो सोड म्हणणं मला पटत नाही, पण राजगिरा, दूध, ताक, पनीर, शेंगदाणे हे उपवासाला चालतंच की, त्यावर दिवस काढता येतो, आणि गोळ्यांना उपवास नसतो हे घरातल्या मोठ्यांनी एकदा ठामपणे सांगितलं तर तिचं काम सोपं होतं.

व्यायामाचा परिणाम हाडांवर खरोखर होतो. व्हिएन्नात २२० जणांवर झालेल्या एका अभ्यासात अर्ध्यांना डी, कॅल्शियम, प्रोटीन आणि नियमित व्यायाम असं सगळं दिलं, तर दोन वर्षांत त्यांची हाडांची घट बाकीच्यांपेक्षा कमी झाली. पण व्यायाम भार पडणारा हवा. पोहणं, सायकल हे हृदयाला उत्तम, पण हाडाला त्यातून संदेश जात नाही. चालणं, जिने, टेकडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन उचलणं. पुण्यात पर्वती चढणारे, मुंबईत लिफ्ट सोडून सोसायटीचे जिने चढणारे बरोबर करतायत. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना जिममध्ये डंबेल हातात घ्यायला अजूनही संकोच वाटतो, ट्रेनरही त्यांना ट्रेडमिलवर उभं करून मोकळे होतात, हे बदलायला हवं. ज्यांच्या मणक्याचं हाड आधीच विरळ निघालंय त्यांनी मात्र पुढे वाकून वजन उचलणं, झटका देणं टाळावं आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं.

आता डेक्सा स्कॅन. हाडांची घनता मोजायची खरी तपासणी ती, झोपून होते, दुखत नाही, रेडिएशन अगदी कमी. जमलं तर ऑपरेशनच्या आधी एकदा आणि मग दोन वर्षांनी एकदा, पुढे रिपोर्ट बघून दर काही वर्षांनी. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, कारण वजन एवढं बदललेलं असताना दोन वेगळ्या मशीनचे आकडे जुळत नाहीत. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना) बघायचा, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि तरुणांसाठी झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना). सोसायटीत, मेडिकलच्या बाहेर "मोफत बीएमडी कॅम्प" लागतो आणि टाच मशीनमध्ये ठेवून दोन मिनिटांत रिपोर्ट देतात, ती सोनोग्राफीसारखी टाचेची तपासणी आहे, डेक्साच्या जागी ती चालत नाही. त्यात चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका आणि वाईट आलं म्हणून रडत बसू नका, सरळ डेक्सा करून घ्या. आणि डेक्सा चांगला आला तरी काम संपत नाही, कारण हाडाच्या आतली वीण विरळ झालेली डेक्साला नीट दिसत नाही, बायपासवाल्यांचे फ्रॅक्चर बरेचदा अशा बऱ्या दिसणाऱ्या हाडात होतात.

सिगारेट आणि दारू हाडांना वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, बायपासनंतर मात्र दारू रक्तात फार लवकर चढते आणि पडण्याचं प्रमाण त्याने वाढतं, हे पुरुषांना मुद्दाम सांगायला हवं. बी१२ कमी झालं की पाय बधिर होऊन तोल जातो, म्हणून त्याकडेही लक्ष हवं. बाथरूममधली ओली फरशी, घसरणारं पायपुसणं, रात्री अंधारात उठणं, या गोष्टी विरळ हाडाच्या माणसासाठी कुठल्याही गोळीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

हल्ली ऑपरेशनऐवजी किंवा ऑपरेशननंतर वजन परत वाढलं म्हणून सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं घेणारे वाढलेत. तिथे आतडं वगळलेलं नसतं, पण भराभर वजन उतरणं, भूक मरणं, प्रोटीन कमी जाणं हे सगळं तिथेही आहेच. डेन्मार्कमध्ये याच गटातल्या लिराग्लुटाइडवर झालेल्या एका अभ्यासात नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांची खुबा आणि मणक्याची घनता कमी झाली, आणि ज्यांनी सोबत व्यायाम केला त्यांची टिकली.

ऑस्टिओपोरोसिस निघालाच तर उपचार आहेत, फक्त बायपासवाल्या माणसाला ते थोडे वेगळे द्यावे लागतात. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी बाकीच्यांना चालते, पण इथे ती नीट शोषली जाईल याची खात्री नसते आणि जठराच्या जोडापाशी जखम व्हायचा धोका असतो, म्हणून सहसा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइनमधून वर्षातून एकदा दिलं जाणारं इंजेक्शन निवडतात. ते देण्याआधी व्हिटॅमिन डी भरलेलं आणि किडनी ठीक असायला हवी, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम पडून हातापायांत मुंग्या, पेटके येतात. दुसरं आहे डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडात कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, पण ते मनाने मध्येच बंद करायचं नसतं, सोडलं की हाड झपाट्याने झिजून मणक्यात फ्रॅक्चर होऊ शकतात.

यासाठी समोरच्या डॉक्टरला तुमचं ऑपरेशन झालंय हे कळायला तर हवं. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनच्या खुणा पाच-सात वर्षांत दिसेनाशा होतात, माणूस आता जाडही दिसत नाही, आणि मनगट मोडून प्लास्टर घालायला गेलेल्या बाईला हाडांचे डॉक्टर कशाला विचारतील की पोटाचं काही ऑपरेशन झालंय का. बरेच जण लाजून सांगतही नाहीत, सासरी माहीत नसतं, ऑफिसात माहीत नसतं. डॉक्टरला तरी सांगा. आणि नुसतं "वजनाचं ऑपरेशन" नाही, तर स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास, कुठल्या साली, आणि आतडं किती वगळलं हे डिस्चार्ज कार्डवर किंवा ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं, त्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाला पाठवून ठेवा. तुमचा सर्जन तोवर दुसऱ्या शहरात गेलेला असू शकतो, हॉस्पिटलचे जुने कागद मिळतीलच असं नाही, आणि कुठली गोळी द्यायची की इंजेक्शन हे त्या एका कागदावरून ठरतं.